बिनपापणीची का वळली?

१

सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी कुणाचा विश्वास बसत नव्हता. बिनपापणीची वळली होती.

शेवटून दुसरी फेरी चालू होती. समोरची मुलगी, जिला सगळे 'करवत' म्हणत, दोरांना टेकून धापा टाकत होती. आणखी दोन-चार ठोसे की खेळ खलास, हे कुणीही सांगितलं असतं. तेवढ्यात चॅम्पियननं मान डावीकडे फिरवली. जेमतेम अर्धी. कुणी हाक मारली की 'ओ' द्यायला आपण फिरवतो तशी. करवतीचा उजवा हात सुटला तो थेट डोळ्यावर. चॅम्पियन आडवी झाली ती पंचाची मोजणी संपली तरी उठली नाही.

भोंगा रिंगच्या कडेला आपल्या टेबलाशी बसला होता. त्याचं काम नावं पुकारायचं. बॉक्सरला लोक आईबापांनी ठेवलेल्या नावानं ओळखत नाहीत. जगातले मोठमोठे चॅम्पियन असेच कुणी दगडी मुठींचा, कुणी पोलादी, कुणी वादळ म्हणून लक्षात राहिले. इथल्यांची असली नावं वर्षानुवर्षं भोंग्याच्या तोंडून लोकांच्या तोंडी गेली होती. 'आग्यामोहोळ', 'चालती भिंत', 'करवत'. त्याचं स्वतःचं नाव मात्र त्याच्या आवाजावरून इतरांनीच पाडलं होतं, आणि ते इतकं चिकटलं होतं की बँकेतला कारकूनही 'या भोंगे, बसा' म्हणायचा.

'बिनपापणीची' हे नाव तिच्या मास्तरांनी दिलेलं. पण होतं खणखणीत खरं. समोरच्यावर रोखलेली नजर ती काढत नसे. प्रेक्षकांनी शिव्या घातल्या, बाटल्या फेकल्या, एकदा तर रिंगवरचा दिवा फुटून काचा खाली आल्या. तिची नजर ढळली नव्हती.

मग आताच काय झालं?

दुसऱ्या दिवसापासून लोक बोलायला लागले. सामना विकला. ठरवून मान फिरवली. मुष्टियुद्ध मंडळानं चौकशी लावली. पटेल असं कारण तिनं दिलं नाही तर जन्मभराची बंदी, आणि आधीचे किताबही काढून घेणार. इस्पितळात मंडळाच्या माणसाला ती फक्त "चूक झाली" एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मंडळाच्या सचिवांनी भोंग्याला बोलावून घेतलं. "अहो भोंगे, तुमच्याशी सगळे मोकळेपणानं बोलतात. सुनावणीच्या आत काही निघतं का बघा. त्या मुलीनं असं काही केलं असेल हे मला पटत नाहीये."

भोंग्यालाही पटत नव्हतं. सामना झाल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता. बसला की उठायचा, उठला की खिडकीपर्यंत जाऊन परत यायचा. आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी घडलं आणि आपल्याला ते दिसलं नाही, ही टोचणी त्याला बसू देत नव्हती.

सचिवांच्या दारातून बाहेर पडताना त्याच्या डोक्यात आलं. दिसलं नसेल. पण त्याच्या टेबलावरचा माइक सामनाभर चालू होता.

२

आवाजाचं रेकॉर्डिंग सांभाळणारी मुलगी उत्साही होती. तिनं गर्दीचा कल्ला बाजूला काढला, पंचाचं ओरडणं बाजूला काढलं, आणि कानावरचा हेडफोन भोंग्याला दिला.

"हे ऐका. डाव्या बाजूच्या खुर्च्यांमधून आलंय. पुरुषाचा आवाज आहे."

भोंग्यानं डोळे मिटले. एकच शब्द. जाड, पोटातून आलेला आवाज, आणि शेवटचं अक्षर किंचित लांबवलेलं.

"पुन्हा लाव."

तिनं पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

"डुगोबा," भोंगा म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं. पण हा कुठला देव?" ती हसली.

तिनं चित्र आणि आवाज एकत्र जोडून दाखवले. आधी हाक, मग मान, मग ठोसा. मध्ये श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती. भोंग्यानं पेनचं टोपण काढून पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

"म्हणजे ती या हाकेलाच वळली," मुलगी म्हणाली. "पण शिव्यांना न वळणारी बाई असल्या शब्दाला का वळेल?"

भोंग्यानं हेडफोन टेबलावर ठेवला. या खेळातलं लहानमोठं एकही टोपणनाव असं नव्हतं जे त्याला ठाऊक नव्हतं. आणि 'डुगोबा' हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

३

चॅम्पियनला घरी आणलं होतं. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं, पडदे ओढलेले. बाहेरच्या खोलीत तिची आई धुतलेले कपडे घड्या करून ठेवत होती. थोरला भाऊ स्टुलावर बसून पंख्याची तार नीट करत होता.

"बसा भाऊ," आई म्हणाली. "तुमचा आवाज रेडिओवर ऐकते. टीव्ही नाही बघत मी. तिला मार बसताना बघवत नाही. त्या दिवशीही शेजारणीकडे जाऊन बसले होते."

"तू होतास ना रे सभागृहात?" भोंग्यानं भावाला विचारलं.

भावानं गळ्याकडे बोट केलं आणि कुजबुजल्यासारखं बोलला. "होतो काका. ओरडून ओरडून घसा बसलाय. अजून सुटला नाही."

"अजून? मिठाच्या गुळण्या कर. मी आयुष्यभर घशावरच जगलोय, त्यातलं मला कळतं. एवढे दिवस बसत नाही तो."

भाऊ नुसता हसला आणि परत तारेत डोकं घातलं.

तेवढ्यात आतून हालचाल ऐकू आली. आई तिथूनच म्हणाली, "डुगे, उठू नकोस. पाणी हवंय का?"

भोंग्याचे कान टवकारले. त्यानं चेहरा शक्य तितका साधा ठेवला. "काय म्हणालात तिला?"

"घरातलं नाव आहे हो. चालायला शिकली तेव्हा पावलागणिक डुगडुगायची. मग डुगी पडलं. बाहेर कुणाला सांगायचं नाही, तिची ताकीद आहे. चॅम्पियनला डुगी म्हणतात हे कळलं तर लोक पोस्टरवर लिहितील." आई जरा हसली. सामन्यानंतर बहुधा पहिल्यांदाच. "मी डुगी म्हणते, हा डुग्या म्हणतो."

"आणि डुगोबा?"

आईच्या हातात टॉवेल होता. त्याची घडी झाली होती. तिनं ती उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"ते तिचे वडील म्हणायचे," ती म्हणाली. "घर सोडून गेले ते. ती चौथीत होती. त्यांच्यामागे ते नाव या घरात कुणी काढलेलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

भोंगा उत्तर देणार एवढ्यात आतलं दार उघडलं. डोळ्यावर पट्टी, एक हात चौकटीवर. उघड्या डोळ्यानं ती भोंग्याकडे बघत होती, रिंगमध्ये समोरच्याकडे बघायची तशीच.

"भोंगाकाका," ती म्हणाली, "तुम्ही यात पडू नका. मला बंदी झाली तरी चालेल. तुम्ही जा आता."

४

बंदी झाली तरी चालेल. रस्ताभर ते वाक्य भोंग्याच्या पायांत येत होतं. माणूस बंदी पत्करतो ती एक तर लाजेनं किंवा कुणासाठी तरी. बापासाठी?

मास्तरांच्या व्यायामशाळेत घाम आणि जुन्या चामड्याचा वास होता. मास्तर दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुलींवर खेकसत होते. सामन्याचा विषय काढताच ते भोंग्यावर खेकसले.

"विकला म्हणे सामना. ज्यांनी आयुष्यात कोपरसुद्धा सोलून घेतलं नाही ते बोलणार."

"मास्तर, तिला कुणीतरी हाक मारली. घरच्या नावानं."

"डुगी म्हणून? अशक्य."

"तुम्हाला माहीत आहे ते नाव?"

मास्तरांनी त्याला पंचिंग बॅगच्या आडोशाला नेलं. "अरे भोंग्या, नजर अशी आपोआप थांबते होय? माणूस सगळं सोसतो. शिव्या, आवाज, उजेड. पण लहानपणची हाक आली की मान फिरते. म्हणून प्रत्येकाला मी आधी विचारतो, कुठल्या हाकेला तू वळशील ते सांग. मग ती हाक मारून मारून बोथट करतो. हिनं दोन नावं सांगितली, डुगी आणि डुग्या. कित्येक महिने ती सराव करत असायची आणि मी दोरांपाशी हाका मारायला लावायचो. शेवटी तिच्या कानाशी जाऊन ओरडलं तरी ढिम्म."

"हाका कोण मारायचं?"

"तिचा भाऊ. दुसरं कोण असणार? तो तेव्हा इथंच असायचा."

"आणि डुगोबा?"

मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे कुठलं? हे नाही सांगितलं तिनं."

म्हणजे तिनं एक हाक राखून ठेवली होती. ती बोथट होऊ दिली नव्हती.  भोंगा नजर चुकवायला भिंतीकडे वळला. तिथं खुंटीवर तिचा रिंगमध्ये येतानाचा गाऊन होता. पाठीवर पिवळ्या धाग्यानं मोठ्या अक्षरांत भरलेलं, 'बिनपापणीची'. त्यानं हे नाव कितीदा पुकारलं होतं, पण गाऊन इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

शेवटच्या 'ची'ची वेलांटी वेगळ्या धाग्याची होती. बाकीचा धागा धुऊन धुऊन विटलेला, ही वेलांटी उजळ. आणि खांद्यांची शिवण दोन्हीकडून आत घेतलेली.

"मास्तर, इथं आधी काय होतं?"

"काय असणार?"

"वेलांटी नंतर घातलीय. आधी 'चा' होतं. आणि हे खांदे पुरुषाचे होते."

मास्तर बराच वेळ मुलींच्या उड्यांकडे बघत राहिले. "होता एक," ते म्हणाले. "तुझ्या माइकपर्यंत पोचलाच नाही. पहिल्याच नाव घेण्याजोग्या सामन्यात पापणी लवली आणि झोपला. मग नाव फुकट कशाला घालवायचं म्हणून हिला दिलं. गाऊनही दिला. झालं. आता त्याचं काय?"

"कोण तो?"

"मला काम आहे," मास्तर म्हणाले आणि निघून गेले.

५

बाप सापडायला फार शोधावं लागलं नाही. आईनं वर्षानुवर्षं न उच्चारलेला पत्ता तिला पाठ होता. शेजारच्या शहरात तो बस चालवायचा.

आगारात गाड्यांचा धूर साचलेला होता. भोंगा एका बाकावर बसला, मग उठला, मग पुन्हा बसला. बाप भेटला तर त्याला काय विचारायचं याची त्यानं येताना दहा वेळा जुळवाजुळव केली होती. मुलीचा डोळा धोक्यात आलाय तुझ्यापायी, असंही एकदा मनात म्हणून पाहिलं होतं.

"कोण शोधतंय मला?" पाठीमागून कुणीतरी विचारलं.

भोंगा बसल्या जागी वळला. जाड, पोटातून येणारा आवाज. हेडफोनमधला.

समोर पांढऱ्या दाढीचा, खाकी शर्टातला माणूस उभा होता. भोंग्यानं आपण कोण ते सांगितलं आणि सगळी जुळवाजुळव विसरून सरळ विचारलं, "तुम्ही तिला हाक का मारली?"

बापाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो बाकावर बसला.

"मी गाडीवर होतो त्या संध्याकाळी," तो म्हणाला. "घाटात गाडी बंद पडली. सगळे प्रवासी माझ्या नावानं बोंबलत होते. आत जाऊन विचारा."

भोंग्यानं आत जाऊन विचारलं. आगारप्रमुखानं तक्रारींचा पाढाच वाचला. गाडी बंद पडली होती, आणि हाच माणूस संध्याकाळभर तिच्याखाली झोपून दुरुस्ती करत होता.

भोंगा बाहेर आला तेव्हा बाप तिथंच बसला होता.

"तिचं पोस्टर माझ्या गाडीच्या मागेच चिकटवलं होतं," तो म्हणाला. "रोज गाडी पुसताना पुसायचो. सामना बघायला जावंसं वाटलं नाही असं नाही. पण हाक? तो हक्क मी सोडून आलोय साहेब. मी मुकाट्यानं मागे बसलो असतो." मग तो थांबला. "डोळा वाचेल का?"

"डॉक्टर नक्की सांगत नाहीत."

बापानं मान हलवली आणि गाडीकडे गेला. भोंगा परतीच्या रस्त्यावर खिडकीला डोकं टेकून बसला होता. आवाज याचा. माणूस हा नाही. डोक्याचा भुगा झाला होता आणि सुनावणी उद्यावर आली होती.

६

घरी पोचला तेव्हा बायको दुपारचं ताट वाढायच्या तयारीत होती आणि मुलगा फोन हातात धरून हसत होता. मुलगा कमावता होता, नुकताच नोकरीला लागलेला.

"बाबा, तुमच्या मास्तरांनी फोन केला होता. मी 'हॅलो' म्हटलं आणि ते सुरूच झाले. त्यांना वाटलं तुम्हीच आहात."

"मग सांगायचं ना, मी नाही म्हणून."

"त्यांनी संधीच दिली नाही. मी आपला 'हं, हं' करत राहिलो."

"हल्ली सगळ्यांचंच असं होतं," बायको म्हणाली. "परवा माझ्या बहिणीनं यालाच 'भाऊजी, तब्येत कशी' म्हणून विचारलं. आवाज फुटला तेव्हा फाटका होता, आता हुबेहूब तुमच्यावर गेलाय. घरात दोन-दोन भोंगे. माझ्या कानांचं काय व्हायचं?"

भोंगा हात धुवायला निघाला होता तो तिथंच थांबला.

"मास्तर काय म्हणाले?"

"म्हणाले, भोंग्या, तुला टाळलं ते मनाला लागून राहिलं. तो गाऊन तिच्या भावाचा होता. पण कुणाला सांगू नकोस, पोराला फार लागलं होतं त्या वेळी. बाबा, कुठे निघालात? जेवण?"

भोंगा चपला घालत होता.

७

चॅम्पियनचा भाऊ कामाला होता त्या फळांच्या गोदामात दुपारच्या गाड्या लागत होत्या. भोंगा पेट्यांच्या एका थप्पीमागे उभा राहिला. तिथून माणूस दिसत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं. एक ट्रक मागे येत होता आणि कुणीतरी चालकाला सांगत होतं.

"येऊ दे. येऊ दे. डावीकडे घे. येऊ दे. बस्स."

आगारातल्या माणसाचाच आवाज. शेवटचं अक्षर किंचित लांबवलेलं.

भोंगा थप्पीमागून बाहेर आला. "घसा बरा झाला वाटतं."

भावानं हातातली शिट्टी खिशात घातली. पुन्हा कुजबुजायचा प्रयत्नही केला नाही.

"ट्रकवाल्याला कुजबुजून सांगितलं तर तो भिंत पाडेल," तो म्हणाला. "बसा काका."

ते दोघं उलट्या पेट्यांवर बसले. सगळीकडे पिकलेल्या फळांचा जड वास होता. भोंग्यानं आवाज चढवला नाही.

"ते नाव तुम्हा तिघांनाच माहीत. आई शेजारणीकडे होती आणि हाक पुरुषाची आहे. वडील घाटात गाडीखाली होते. तू राहिलास. मला चकवलं ते आवाजानं. पण मुलगा मोठा झाला की बापाचा आवाज त्याच्याकडे येतो, हे माझ्या घरातच घडतंय आणि मला सुचलं नाही. तुला ते ठाऊक होतं, म्हणून तू माझ्यासमोर घसा बसवलास. आणि तुझ्या तोंडी डुग्या आहे. भावनेच्या भरात हाक निघाली असती तर तीच निघाली असती. पण ती हाक बोथट झालीय हे तुला माहीत होतं, कारण ती बोथट करणारा तूच होतास. म्हणून तू शोधून वेगळी मारलीस."

भावानं एक फळ उचललं, उलटसुलट करून पाहिलं, परत ठेवलं.

"मला 'बिनपापणीचा' म्हणायचे ते एकच हंगाम," तो म्हणाला. "तुम्हाला हसू येईल, पण रस्त्यानं चालताना मी वेगळा चालायचो. मग त्या सामन्यात एक घामाचा थेंब डोळ्यात गेला. एवढंच. पडलो. मास्तरांनी गाऊन तिला दिला. आईनं खांदे आत घेतले, वेलांटी घातली. मी दोरा ओवून दिला काका. घरात सगळे खूश होते, मीही होतो. खरंच होतो. पण तुम्ही दर वेळी माइकवर ते नाव पुकारायचात ना, तेव्हा माझी पाठ ताठ व्हायची. आणि मग आठवायचं की आपल्याला नाही."

"म्हणून तिला पाडलंस?"

"पाडायचं नव्हतं." तो पहिल्यांदाच चिडला. "ती जिंकलेलीच होती. करवत संपली होती, तुम्हीच बघितलंत. मला फक्त एकदा बघायचं होतं, तिची पापणी लवते का. एकदाच. तिचीही लवते एवढं कळलं असतं ना, तर मी गप्प झालो असतो. त्या करवतीच्या हातात एवढा जीव उरला असेल असं मला वाटलं नाही."

बाहेर पुढचा ट्रक भोंगे वाजवत होता. कुणीतरी भावाला हाक मारली. तो उठला नाही.

"तिनं मला बघितलं," तो म्हणाला. "वळली तेव्हा. माझं तोंड उघडंच होतं. ती सगळं समजून चुकली आणि मग ठोसा बसला."

८

सुनावणीच्या आधी मंडळाच्या ओसरीत चॅम्पियन एकटी बाकावर बसली होती. डोळ्यावरची पट्टी आता लहान झाली होती, पण त्या डोळ्याचं उत्तर डॉक्टरांनी सकाळीच दिलं होतं. उजेड-अंधार कळेल. त्यापुढे नाही.

"तुम्हाला कळलंय," ती भोंग्याचं तोंड बघून म्हणाली.

"कळलं."

"सांगू नका. आईला हे झेपणार नाही. माझी रिंग अशीही संपली."

"तू चोर ठरशील. लोक पुढची कित्येक वर्षं तेच बोलतील."

"बोलू दे." तिनं पट्टीची कड बोटानं दाबली. "मला वाटलं, बाबा आले. दादा दिसला तेव्हा त्याचा राग नाही आला. ते आले नव्हते, एवढंच वाटलं. मग काही आठवत नाही."

 आत बोलावणं आलं.

त्यानं मंडळापुढे रेकॉर्डिंग लावलं. हाक, मान, ठोसा. ते घरातलं नाव आहे, त्या हाकेला वळायची तिची सवय मोडलेली नव्हती, ती आपसूक वळली, असं सांगितलं. कुणाचंही नाव घेतलं नाही. आई, भाऊ, मास्तर मागच्या खुर्च्यांवर होते.

अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "भोंगे, हाक होती हे मान्य. पण ती ठरवलेली खूण नव्हती कशावरून? आपल्याच माणसाला बसवायचं, त्यानं हाक मारायची, आपण वळायचं. कुणी मारली ती?"

भोंग्यानं चॅम्पियनकडे पाहिलं. तिनं मान बारीकशी हलवली, नाही म्हणून. भोंगा रेकॉर्डिंग बंद करून खाली बसला.

"मग आम्हाला काही करता येणार नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः काही सांगणार आहात का?"

"चूक झाली," चॅम्पियन म्हणाली. "एवढंच."

ती समोर टेबलाकडे बघत होती. एका डोळ्यानं, पण तशीच, न हलता. अध्यक्षबाईंनी पेन उचललं.

"डुगोबा."

हाक मोठी नव्हती. घरात, दुसऱ्या खोलीतून मारावी तेवढीच. पण चॅम्पियनची मान वळली. तिनं ती थांबवायचा प्रयत्न केला हे सगळ्यांना दिसलं. खुर्चीच्या हातावरची बोटं पांढरी झाली, तरी वळली. मागे कोण आहे हे तिला पुरतं माहीत होतं. बाप नाही हेही माहीत होतं.

भाऊ उभा होता. आईनं तोंडावर पदर धरला होता आणि ती मुलाकडे न बघता जमिनीकडे बघत होती.

"मी मारली," भाऊ म्हणाला. "तिला न सांगता. आता तिनं काय केलं ते तुम्ही बघितलंत. याला खूण म्हणायचं असेल तर म्हणा."

 मग अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं.

निकाल फार मोठा नव्हता. सामन्याचा निकाल तोच राहिला. विजेतेपदाचा पट्टा करवतीकडे. आरोप मागे, बंदी नाही, आधीचे किताब तिचेच. प्रेक्षकानं हाक मारू नये असा नियम मंडळाकडे नव्हता, त्यामुळे भावाला शिक्षा करायलाही काही नव्हतं. बाहेर आल्यावर मास्तर त्याच्या अंगावर धावून गेले, पण जवळ पोचल्यावर त्यांचा हात उठला नाही. ते नुसते पुटपुटत जिना उतरून गेले. आई मुलाशी एक शब्द न बोलता रिक्षा शोधायला पुढे गेली.

भोंगा जिन्याच्या तोंडाशी उभा होता. बहीण-भाऊ मागून येत होते. भाऊ खाली मान घालून तिच्या पट्टीच्या बाजूनं, अर्धं पाऊल मागे राहून चालत होता. त्या बाजूनं तिला तो दिसत नव्हता, आणि बहुधा म्हणूनच त्यानं ती बाजू धरली होती.

दोन पायऱ्या उतरल्यावर ती थांबली.

"इकडून नको चालूस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "त्या बाजूनं ये. मला दिसशील असा."

भाऊ क्षणभर तसाच उभा राहिला. मग तिला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला, आणि दोघं उतरू लागले.